आरसीसी तळघरातील वायरिंग: भिंत फोडण्याआधी पाण्याचा विचार

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातील प्रतापनगर भागातल्या एका घराला सुमारे साडेचार मीटर रुंद आणि सहा मीटर लांब तळघर आहे. तीन बाजूंना माती रोखून धरणाऱ्या आरसीसी, म्हणजे आत लोखंडी सळ्या असलेल्या काँक्रीटच्या, भिंती आहेत, जिन्याकडची चौथी भिंत विटांची आहे आणि वर स्लॅब आहे. सध्या तेथे एकच दिवा जळतो. घरमालकांना निवृत्तीनंतर लाकूडकामाची लहान कार्यशाळा थाटायची आहे. दीड अश्वशक्तीची टेबल सॉ, भुसा ओढणारे यंत्र, ग्राइंडर आणि भरपूर उजेड एवढी त्यांची गरज आहे. वायरमनने भिंतींत झिऱ्या, म्हणजे लांब खाचा, मारून कन्सील्ड (पाईप भिंतीत गाडलेले) काम करावे आणि सॉकेट जमिनीपासून एका फुटावर घ्यावेत, असे सुचवले आहे. ते योग्य आहे का, वीज कोठून आणावी आणि यातील किती काम स्वतःच्या हाताने करता येईल, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. आरसीसीच्या सळ्यांवर काँक्रीटचा जो थर असतो, त्याला आपण कव्हर म्हणतो. आयएस ४५६ या मानकानुसार सौम्य परिस्थितीत हा थर २० मिलिमीटर आणि मध्यम परिस्थितीत ३० मिलिमीटर असावा लागतो, आणि जुन्या घरांत प्रत्यक्षात तो त्याहूनही कमी निघतो. २५ मिलिमीटरचा पाईप भिंतीत बसवून त्यावर गिलावा टिकवायचा असेल, तर झिरी ३५ ते ४० मिलिमीटर खोल लागते. प्लास्टरची जाडी त्यातून वजा केली तरी कटरचे पाते सळईच्या अगदी जवळ जाते किंवा तिला लागते. वरच्या मजल्यावरील विटांच्या भिंतीत हे चालून जाते. तळघराची भिंत मात्र बाहेरच्या मातीचा आणि पावसाळ्यात त्या मातीत साठलेल्या पाण्याचा दाब सोसत असते. तिची सळई उघडी पडली की गंज चढतो, गंजलेली सळई फुगते, आणि काही वर्षांनी भिंतीला पाईपच्याच रेषेत तडा जातो. आतून जलरोधक लेप दिलेला असेल, तर झिरी पहिल्याच दिवशी त्याचा भेद करते.

माझ्या सुरुवातीच्या काळातील एक चूक येथे सांगणे उपयोगी ठरेल. एका घराच्या तळघरात मी स्वतः कन्सील्ड काम केले होते. मे महिना होता, भिंती खडखडीत कोरड्या होत्या आणि काम देखणे झाले होते. ऑगस्टमध्ये त्या घरातील आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारे उपकरण, रोज रात्री पडू लागला, म्हणजे आपोआप बंद होऊ लागला. मेगर या मोजणी यंत्राने तपासले तेव्हा एका सर्किटचा इन्सुलेशन रोध, म्हणजे वायरच्या आवरणाची वीज अडवण्याची क्षमता, एका मेगाओमच्या दहाव्या भागावर आलेला दिसला. वायर बाहेर ओढली तर पाईपमधून वाटीभर पाणी आले. ते पाणी तळघराच्या भिंतीतून आलेलेच नव्हते. वरच्या मजल्याच्या न्हाणीघराशेजारून जाणाऱ्या पाईपमध्ये झिरपलेले पाणी उताराने खाली येऊन सर्वांत खालच्या सॉकेटच्या डब्यात साठत होते. डबा भिंतीत गाडलेला असल्याने त्याला निचरा नव्हता. शेवटी ते सगळे पाईप निकामी ठरवून भिंतीवरून नवे टाकावे लागले, आणि त्याचा खर्च अर्थातच मी सोसला.

म्हणून तळघराच्या बाबतीत मी विजेच्या आधी पाण्याचा विचार करतो. नागपुरात मे महिन्यात प्रत्येक तळघर कोरडे दिसते. बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, हवेत ओलावा नसतो आणि भिंतीवर हात फिरवून काहीही कळत नाही. खरी परीक्षा जुलै आणि ऑगस्टमध्ये होते. त्या दिवसांत ओल दोन वेगवेगळ्या वाटांनी येते आणि त्यांची गल्लत होता कामा नये. एक ओल भिंतीतून झिरपते, आणि शहराच्या ज्या भागांत काळी माती आहे तेथे ती अधिक त्रास देते, कारण ही माती पाणी धरून ठेवते, ओली असताना फुगते आणि वाळल्यावर भेगाळते. दुसरी ओल हवेतून येते. बाहेरची उबदार, दमट हवा जिन्यातून खाली उतरते आणि तळघराच्या थंड भिंतीवर तिचे दव धरते. दोहोंतला फरक ओळखण्यासाठी साधा उपाय आहे. अर्धा मीटर लांबरुंदीचा पॉलिथिनचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर पक्का बसवावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. भिंतीकडच्या बाजूस पाणी जमले तर ती झिरप आहे, खोलीकडच्या बाजूस जमले तर ते दव आहे. झिरप असेल तर आधी वॉटरप्रूफिंगचे काम करावे लागेल, दव असेल तर ते लागणार नाही. काम पावसाळ्यानंतर करणार असाल, तर ही चाचणी याच पावसाळ्यात उरकून घ्यावी.

पाण्याचा तिसरा मार्ग नागपूरकरांना वेगळा सांगायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी यांसारख्या वस्त्यांत पाणी शिरले. आपले घर नदीकाठी नसेलही, पण तुंबलेल्या गटाराचे पाणी जिन्यावरून उतरायला नदी लागत नाही. सॉकेट एका फुटावर घेण्याच्या सूचनेला माझा विरोध आहे तो यामुळे. तळघरातील सर्व सॉकेट जमिनीपासून १.३ मीटरवर घ्यावेत. कार्यशाळेत ते सोयीचेही पडते, कारण कामाचे टेबल साधारण ९० सेंटिमीटर उंच असते आणि सॉकेट त्याच्यावर हाताशी येतो. डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, म्हणजे वेगवेगळ्या सर्किटांना वीज वाटणारी पेटी, आपला डीबी, तळघरात बसवूच नये. तो तळमजल्यावर जिन्याच्या तोंडाशी असावा, म्हणजे खाली पाणी भरले असताना त्या पाण्यात पाय न ठेवता वीज बंद करता येईल. एखाद्याने खाली डीबी बसवला असेल आणि बाकी सगळे काम उत्तम केले असेल, तरी मी ते काम सदोष मानतो.

आता मार्गाकडे वळू. वीज तळघरात वरून खाली उतरावी. स्लॅबला कोअर कटिंगने, म्हणजे यंत्राने गोल कापून, आरपार भोक पाडण्याची गरज नाही, कारण जिन्याची मोकळी जागा उपलब्ध आहे. डीबीमधून निघालेले पाईप जिन्याच्या विटांच्या भिंतीवरून खाली आणावेत, छताच्या कडेने फिरवावेत आणि जेथे सॉकेट हवा तेथेच सरळ खाली सोडावेत. भिंतीवर आडवे पाईप नेऊ नयेत. त्यामुळे पाईप शोभून दिसतात, आणि पुढे भिंतीत खिळा ठोकणाऱ्यालाही कळते की वायर सॉकेटच्या सरळ वरच असणार. शक्य तितके सॉकेट विटांच्या भिंतीवर घ्यावेत. आरसीसी भिंतीवर नाइलाजाने घ्यावेच लागले, तर भोके कमीत कमी आणि उथळ ठेवावीत. पाईप घराबाहेर उघड्यावर, पावसात जाणार असेल, तर भिंतीतून बाहेर पडताना त्याला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा.

पाईप हेवी गेजचा पीव्हीसी घ्यावा. काही जण कार्यशाळेसाठी लोखंडी पाईप सुचवतात. लाकडाचा ठोकळा आदळला तर तो टिकतो हे खरे, पण दमट तळघरात तो गंजतो आणि त्याचा प्रत्येक सांधा अर्थिंगच्या दृष्टीने अखंड राखावा लागतो, जे फारसे कोणी करत नाही. केसिंग पट्टी येथे अजिबात वापरू नये. तिच्या फटीत लाकडाचा बारीक भुसा साठतो, आणि वायरभोवती कोरडा भुसा साठणे हे आगीला आमंत्रण आहे. पाईप भिंतीला चिकटवून न बसवता बेस असलेल्या सॅडलवर, म्हणजे पाईप धरणाऱ्या पट्टीवर, बसवावा, म्हणजे भिंत आणि पाईप यांच्यात थोडी फट राहते आणि भिंतीचे दव पाईपमागे अडकत नाही. दोन सॅडलमधील अंतर ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे आणि प्रत्येक बेंड किंवा डब्याजवळ एक जादा सॅडल असावे. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. साधे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजून डोके तुटेपर्यंत जातात.

आरसीसीत भोक पाडण्यासाठी साधी ड्रिल मशीन झगडत राहते, म्हणून हॅमर ड्रिल भाड्याने आणावी. ६ मिलिमीटरच्या बिटने ३० ते ३५ मिलिमीटर खोल भोक पाडावे, बिटवर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळून खूण करावी, भोकातली धूळ फुंकणीने काढावी आणि मगच नायलॉनचा प्लग बसवावा. धूळ तशीच राहिली तर प्लग फिरत राहतो. बिट पुढे सरकेनासा झाला आणि आवाज बदलून टणटणीत झाला, तर सळई लागली आहे असे समजावे आणि जोर न लावता भोक ३० मिलिमीटर बाजूला घ्यावे. बीमच्या खालच्या अंगाला, जेथे मुख्य सळ्या असतात, तेथे एकही भोक पाडू नये. काँक्रीटची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. रुमाल बांधून भागत नाही, योग्य मास्क लावावा.

सर्किटांची विभागणी अशी करावी. दिव्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच. सॉकेटसाठी २.५ चौरस मिलिमीटर आणि १६ अँपिअरचा एमसीबी, आणि अशी किमान दोन सर्किटे, कारण सॉ आणि भुसा ओढणारे यंत्र नेहमी एकाच वेळी चालणार. मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते, म्हणून एमसीबी सी प्रकारचा, म्हणजे असा क्षणिक झटका सहन करणारा, असावा. दिवे वेगळ्या सर्किटवर घेण्याचे कारण केवळ सोयीचे नाही. सॉने एमसीबी पाडला आणि त्याच क्षणी पाते फिरत असताना खोलीत अंधार झाला, तर काय होईल याची कल्पना करावी. जिन्याचा दिवा वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणांहून चालू-बंद होणारा असावा.

लांबीचा हिशेब साधा आहे. २.५ चौरस मिलिमीटरच्या लवचीक तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला जवळपास ८ ओम असतो. डीबीपासून सॉकेटपर्यंत २० मीटर अंतर धरले, तर जाऊन-येऊन ४० मीटर वायर होते, म्हणजे ०.३२ ओम. १६ अँपिअरला सुमारे ५ व्होल्टची घट येते, वायर तापल्यावर ६ व्होल्टची. २३० व्होल्टमध्ये ती चालते. अंतर ४० मीटरवर गेले तर ४ चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. मुख्य मीटरबोर्डापासून जिन्याच्या तोंडाशी असलेल्या नव्या डीबीपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची वायर आणि मागे ३२ अँपिअरचा एमसीबी, तसेच त्याच जाडीची अर्थ वायर पुरेशी आहे. वायरवर आयएस ६९४ हा क्रमांक आणि आयएसआय चिन्ह छापलेले पाहूनच ती विकत घ्यावी. हिशेबापेक्षा स्वस्त मिळणारे बंडल तराजूवर ठेवले की त्यातले तांबे कमी भरते.

आता ज्या गोष्टीवर जीव अवलंबून आहे तिच्याकडे येतो. आपल्याकडे घरात अर्थिंगचा खड्डा, म्हणजे अर्थ वायर जमिनीला जोडण्याची जागा, असला आणि एमसीबी बसवला, की शॉकपासून संरक्षण झाले असा सार्वत्रिक समज आहे. तळघरात तो समज प्राणघातक ठरतो. समजा सॉच्या मोटारीत फेज वायर तुटून पत्र्याच्या अंगाला टेकली. प्रवाह अर्थ वायरने खड्ड्यात जाईल, मातीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगपर्यंत पोहोचेल आणि परत येईल. नागपूरच्या उन्हाळ्यात घरचा खड्डा वाळून त्याचा रोध २० ओम झाला आहे आणि ट्रान्सफॉर्मरकडे २ ओम आहे असे धरू. २३० भागिले २२ म्हणजे प्रवाह जेमतेम साडेदहा अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्यावर कधीच पडणार नाही, कारण सी प्रकारच्या एमसीबीला तत्काळ पडण्यासाठी ८० ते १६० अँपिअर लागतात. या काळात सॉचे पत्र्याचे अंग मातीच्या तुलनेत २०० व्होल्टच्या वर राहील, आणि आपण दमट काँक्रीटवर उभे राहून त्याला हात लावणार. दमट काँक्रीट वीज चांगली वाहून नेते. लाकडी फळीवर उभे राहणे किंवा रबरी चप्पल घालणे हा त्यावर भरवशाचा उपाय नव्हे.

येथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी कामाला येतो. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची तुलना सतत करत असतो, आणि मातीत गळालेला फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचला की क्षणार्धात वीज तोडतो. त्याला खड्ड्याचा रोध २० ओम असो की २०० ओम, फरक पडत नाही. घरगुती जोडणीसाठी गळतीची हीच मर्यादा नियमांतही आहे. माझा सल्ला असा की, तळघरासाठी एकच सामाईक आरसीसीबी न बसवता प्रत्येक सर्किटला स्वतंत्र आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असलेले उपकरण, बसवावे. खर्च वाढतो, पण एका यंत्राच्या गळतीने दिवे जात नाहीत. गती नियंत्रित करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे वापरणार असाल, तर अशा यंत्रांची गळतीही ओळखणारे ए प्रकारचे आरसीबीओ घ्यावेत. एक मर्यादा लक्षात ठेवावी. कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर हे उपकरण त्याला वाचवू शकत नाही.

आरसीसीबी विनाकारण पडतो अशी तक्रार घेऊन लोक येतात. अनुभव असा की दहापैकी बहुतेक वेळा दोष उपकरणाचा नसतो. इन्व्हर्टर बसवणाऱ्याने इन्व्हर्टरच्या दिव्यांचा न्यूट्रल आणि मुख्य लाइनचा न्यूट्रल एकत्र बांधलेला असतो. मग एका वाटेने गेलेला प्रवाह दुसऱ्या वाटेने परततो आणि आरसीसीबीला ती गळती वाटते. पुढे एखादा हुशार वायरमन आरसीसीबीच बायपास करून देतो, घरमालक सुटकेचा श्वास सोडतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणालाच काही कळत नाही. तळघराच्या दिव्यांना इन्व्हर्टर जोडायचा असेल, तर त्या सर्किटचा न्यूट्रल आरंभापासून शेवटपर्यंत वेगळा राहील हे कामाच्या आधीच ठरवून घ्यावे.

तळघरात पाणी उपसण्याचा पंप असेल किंवा पुढे बसवणार असाल, तर त्याचे सर्किट पूर्णपणे स्वतंत्र ठेवावे. ज्या रात्री धो धो पाऊस पडतो त्याच रात्री वीज जाते आणि त्याच रात्री इतर सर्किटांत गळती होते. पंप त्यांच्यासोबत बंद पडला तर त्याचा उपयोग काय?

कूलरचा विषय प्रश्नात नाही, पण नागपूरच्या उन्हाळ्यात तो निघणारच. तळघरात कूलर लावू नये. तळघर मुळातच थंड असते, कूलर तेथील दमटपणा वाढवतो, हवा बाहेर जायला वाट नसल्याने थंडावाही देत नाही, आणि लाकूड फुगवतो ते वेगळेच. कूलरमुळे लागलेल्या शॉकच्या बातम्या दर उन्हाळ्यात विदर्भात येतात. एक्झॉस्ट पंखा आणि छताचा पंखा येथे पुरेसे आहेत.

सॉकेट सहा आणि सोळा अँपिअरचे, शटर असलेले घ्यावेत. भुसा उडणाऱ्या जागी झाकण असलेले, आयपी ५५ दर्जाचे, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे रोखणारे, बॉक्स बसवावेत. पाईप बॉक्समध्ये शक्यतो खालून शिरवावा. येथल्या छताकडून उतरणाऱ्या पाईपांप्रमाणे वरून येणे भाग असेल, तर तेथे ग्लँड, म्हणजे पाईपभोवती घट्ट बसणारा जोड, लावून सांधा सीलबंद करावा आणि बॉक्सच्या तळाशी निचऱ्याचे बारीक भोक ठेवावे. माझी वर सांगितलेली चूक या एका भोकाने निम्मी टळली असती.

स्वतः किती करता येईल याबद्दल: पाईपचा मार्ग आखणे, सॅडल बसवणे, बॉक्स लावणे आणि वायर ओढणे या कामांत आपण हात लावू शकता, पण ते परवानाधारक ठेकेदाराच्या देखरेखीखाली व्हावे. डीबीमधील जोडण्या, अर्थिंग आणि चाचणी त्यांनीच करावी. नियमही तसेच सांगतात, आणि त्यांचा चाचणी अहवाल पुढे मंजूर भार वाढवताना महावितरणला द्यावा लागतो. सध्याचा मंजूर भार वीजबिलावर छापलेला असतो. सॉ, भुसा ओढणारे यंत्र आणि घरचा एसी एकत्र चालणार असतील, तर तो आधीच पाहून घ्यावा. काम करताना एमसीबी बंद करून त्यावर चिठ्ठी चिकटवावी. निऑनच्या टेस्टरवर विसंबू नये, दोन टोकांचा तपासक वापरावा.

काम संपल्यावर ठेकेदाराकडून तीन आकडे लिहून घ्यावेत: प्रत्येक सर्किटचा ५०० व्होल्ट मेगरने मोजलेला इन्सुलेशन रोध, अर्थिंग खड्ड्याचा रोध, आणि आरसीबीओ किती मिलिसेकंदांत पडला तो वेळ. मेगर लावण्यापूर्वी एलईडी दिवे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे सोडवून घ्यावीत. इन्सुलेशन रोधाची किमान मर्यादा एक मेगाओम आहे, पण नव्या कामात तो कित्येक पट जास्त यायला हवा. हेच मोजमाप येत्या ऑगस्टमध्ये, सलग चार दिवस पाऊस पडून गेल्यानंतर, पुन्हा करवून घ्यावे. एखादे सर्किट शंभर मेगाओमवरून पाचावर आले असेल, तर ते अजून नियमात बसते म्हणून सोडून देऊ नये. त्या सर्किटचे बॉक्स खालून वर एकेक करून उघडावेत. पाणी सर्वांत खालच्या बॉक्समध्ये सापडते, पण ते शिरलेले असते बहुधा जिन्याच्या वळणावरच्या एखाद्या सांध्यातून.